टोपलीला हात

"भाऊ, अर्जुनीची गाडी लागली का जी?"

बाईनं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुठे यादोरावनं मान वर केली. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे बसून त्याची इतकी वर्षं गेली होती, की माणसाकडे न पाहताच उत्तर द्यायची त्याला सवय लागली होती. नुसत्या आवाजावरून तो ओळखायचा, ही लाखनीची, हा पवनीचा, हा नागपूरहून आलेला आणि उगाच घाईत असलेला. हा आवाज झाडीतला, पूर्वेकडच्या जंगल-तलावांच्या पट्ट्यातला, हेही त्यानं ओळखलं होतं. तो 'जी' तर थेट त्याच्या आईचा होता. पण खिडकीत उभी होती ती बंगाली बाई. हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, भांगात लांबवर ओढलेलं कुंकू आणि कमरेवर मातीकामाची नवीकोरी टोपली. तिच्या ओल्या बांबूचा वास गजांतून आत येत होता.

"लागेल आता. कुठं जायचं?"

"जांभुळटोल्याले."

"कॅम्पात?"

"कॅम्प काहून म्हंता? गावच तं होय." ती रागावली नव्हती, पण टोपली तिनं एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली. मग खिडकीशी जरा वाकून, प्रवासात माणसं विचारतात तितक्याच सहज तिनं विचारलं, "तुमी कोठचे, भाऊ?"

"मी इथलाच. भंडाऱ्याचा."

"मी जांभुळटोल्याची," ती म्हणाली. मोठ्या घरच्या लेकीनं सांगावं तशा तोऱ्यात म्हणाली, आणि जाऊन रिकाम्या बाकावर बसली.

यादोराव जांभुळटोल्याचा. त्याचा बाप देवाजी तिथला, आजा तिथला, त्याच्याही आधीचे सगळे तिथल्याच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकून टाकून म्हातारे झालेले. असं असताना 'भंडाऱ्याचा' हा शब्द तोंडातून निसटला कसा? कोणी धाक घातला नव्हता, कोणी काही मागितलं नव्हतं. एक बाई गाव विचारते, आपण सांगतो, संपलं. त्यानं समोरचा माइक ओढला आणि उगाचच घसा खाकरला. "मोहाडीमार्गे करडीला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे." आवाज स्वच्छ गेला. त्या आवाजात 'ले' नव्हता, 'जी' नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला एकदा तो याच माइकवर 'तुमसरले जानारी गाडी' असं बोलून बसला होता आणि अख्खा स्टँड पोट धरून हसला होता. त्या दिवसापासून त्यानं जीभ घासूनपुसून लख्ख केली. घरमालकीण सीताबाईंनी तर खोली दाखवतानाच सांगितलं होतं, "झाडीतले दिसता. पाणी जरा जपून वापरा हं, इथे काही तुमचा तलाव नाही." बायको, सुलोचना, ते ऐकून कितीतरी दिवस घागर भरताना आवाज होऊ देत नसे. पुढे बरीच वर्षं त्या घरात त्यांचं नाव 'ते झाडीवाले' असंच होतं. आताशा सीताबाई पाहुण्यांना सांगतात, "हे आमचेच, घरचेच समजा." हा बदल कुठल्या दिवशी झाला, हे यादोरावला आठवून आठवून सापडत नसे. असा एखादा दिवस असायला हवा होता. जांभुळटोल्यात तो असतो, आणि नेमका तो आज होता, म्हणूनच तर सकाळपासून त्याला बसल्या जागी काटे टोचत होते.

अक्षयतृतीयेला तलावाचं पोट उघडं पडलेलं असतं. त्या दिवशी गावातलं प्रत्येक घर तलावातली ओली माती टोपलीत भरून पाळीवर टाकतं. पाऊस येण्याआधी पाळ जड व्हावी, हा त्यातला हिशेब. पण गावात नवीन आलेल्याची पहिली टोपली ही वेगळी गोष्ट. नवी सून असो, घरजावई असो, नाहीतर दुसऱ्या गावाहून येऊन बसलेला न्हावी असो, त्यानं नवी टोपली आणायची, स्वतःच भरायची, आणि मग तिच्यापुढे उभं राहायचं. भरलेली टोपली कोणालाच एकट्यानं आपल्या डोक्यावर घेता येत नाही. आपण वाकायचं असतं आणि दुसऱ्यानं हात लावायचा असतो. हा पहिला हात देवाजीच्या घराचा, कारण तलावाचं पाणी पाळीपाळीनं सोडण्याचं काम त्यांच्या घराकडे. हात लागला, टोपली पाळीवर रिकामी झाली, की माणूस गावचा. मग त्याच्या बांधीतही, म्हणजे धानाच्या शेतातही, तलावाचं पाणी जाणार, आणि त्याला 'कोठचा' म्हणून पुन्हा कोणी विचारणार नाही. थंडीत देवाजी वारला. हात लावण्याचा मान थोरला म्हणून यादोरावकडे आला. आणि होळीच्या दिवशी, सगळं गाव जमलेलं असताना, कॅम्पातला निताई मंडल पुढे होऊन म्हणाला होता, की यंदा मी टोपली टाकीन.

त्यानंतर गावात काय काय झालं ते यादोरावला अर्जुनीच्या गाडीचा ड्रायव्हर बाबूलाल येताजाता सांगत असे. गावच्या बुरडाला टोपली द्यायची मनाई झाली, हेही त्यानंच सांगितलं. म्हणजे ही बाई निताईच्याच घरची असणार, आणि एका टोपलीसाठी भंडाऱ्यापर्यंत आली होती. आणि परवा बाबूलालनं स्टेअरिंगवरूनच घनश्यामचा निरोप टाकला होता. घनश्याम हा यादोरावचा धाकटा भाऊ, गावी राहून दोघांची शेती करणारा. "घनश्यामभाऊनं सांगतलं, भाऊ यंदा येऊ नोको म्हना. तुमी आलेच नाही तं हात लावाले कोनी नाही. कोनाले नाही म्हनाची पाळीच येत नाही." किती साधं. कोणी भांडायचं नाही, कोणी हाकलायचं नाही. निताई म्हाताऱ्यानं भरलेल्या टोपलीपुढे दिवसभर बसायचं, दिवस बुडाला की उठून घरी जायचं. यादोरावनं लगेच दुसऱ्या नियंत्रकाशी पाळी बदलून घेतली. बापाची पहिली अक्षयतृतीया, पितरांची घागर भरायची, आणि थोरला मुलगा ड्यूटी मागून घेतो, हे सुलोचनेला कळलं तेव्हा तिनं पोळपाट खाली ठेवला. "पानी कोनाचं चाललं जी, तुमचं का घनश्यामभाऊजीचं?" एवढंच म्हणाली. त्यानं चपला घातल्या.

निर्वासितांचा कॅम्प आला ते साल त्याला विसरणं शक्यच नव्हतं. बांगलादेशच्या लढाईच्या आधीचा उन्हाळा. सरकारी ट्रक धूळ उडवत आले आणि तलावापलीकडच्या मोहफुलांच्या रानात माणसं उतरवू लागले. माणसं, कंदील, पिशव्या, एक शिवणयंत्र, मातीचे हातभर उंचीचे देव. त्याच दिवशी त्याला एस.टी.त रुजू व्हायला निघायचं होतं. देवाजीनं एका ट्रकवाल्याला विचारलं आणि यादोराव त्यांना उतरवून रिकाम्या झालेल्या ट्रकच्या मागे चढला. आत अजून त्यांचा वास होता. ओल्या गोधड्यांचा, तेलाचा, सुक्या मासोळीचा. एक लहानशी पितळी वाटी कोपऱ्यात राहून गेली होती. ट्रक हलला तसा तो ती वर धरून ओरडला, पण खाली कोणाला कळलं नाही. सगळे आपापलं सामान मोजत होते. ती वाटी साकोलीपर्यंत त्याच्या मांडीवर होती. नंतर तिचं काय झालं कोण जाणे. त्यांच्या जागेवर बसून तो गेला आणि ते त्याच्या गावात राहिले, ही गोष्ट तेव्हा त्याच्या ध्यानातही आली नाही. आज ती एकाएकी समोर येऊन उभी राहिली आणि काही केल्या हलेना.

सुरुवातीला गावाला त्यांचं काय कौतुक. आईनं, गोदावरीबाईनं, तांदळाची पायली आणि दोन भोपळे कॅम्पात नेऊन दिले होते, आणि परत आल्यावर पदर डोळ्याला लावून सांगितलं होतं, "बाप्पा, त्याईचं घर पाण्यापलीकडं राहून गेलं, आन् घराले कुलूप लावून आले म्हंते." लढाई झाली त्या वर्षी पाकिटावर शरणार्थ्यांसाठी पाच पैशांचं जास्तीचं तिकीट लावावं लागे, तेही लोक बिनतक्रार लावत. यादोराव सुट्टीवर गेला की कोणी ना कोणी त्याला कॅम्प दाखवायला नेई, जत्रा दाखवावी तसं. मग हळूहळू वारं फिरलं. ते रान तोडतात. ते कासव खातात. एवढ्याशा डबक्यात जाळं टाकून मासोळी काढतात. त्यांना सरकार देते, आम्हाला कोण देते? 'बिचारे' होते त्यांचे 'कॅम्पवाले' झाले, आणि 'कॅम्पवाले' हा शब्द शिवीसारखा वापरात आला. गंमत म्हणजे त्यांची धानाची रोवणी पाहून गावानं आपली रोवणी बदलली, त्यांच्यातल्या सुई टोचणाऱ्या डॉक्टरकडे गाव तापात धावलं, आणि त्यांच्या दुर्गेच्या दिव्यांत गावच्या बायका नवी लुगडी नेसून गेल्या. शब्द मात्र बदलला नाही. यादोराव स्वतः काय वेगळा होता? स्टँडवर कोणी त्या लोकांविषयी बोललं की तोही मान हलवायचा, "हो, फार झाले आता." ज्याला स्वतःला कालपर्यंत झाडीवाला म्हणत होते, त्याला दुसऱ्या कोणाला काहीतरी म्हणायला मिळालं की बरं वाटत असावं.

आणि देवाजीची ती गोष्ट. पाळीवरच्या आंब्याखाली बसून दरवर्षी सांगायचा, माणसं बदलायची, गोष्ट तीच. आपण कोहळी लोक बनारसकडून आलो. गोंड राजानं बोलावलं. जंगल होतं, वाघ होता, पाणी नव्हतं. आपल्या माणसानं हेरून जागा धरली आणि पहिली टोपली भरली. इथे गोष्ट पाळीवर चढायची आणि तलाव भरून मोकळी व्हायची. एकदा यादोरावनंच मध्ये विचारलं होतं, "त्याले टोपली कोनं उचलून देल्ली, बाबा?" देवाजीनं हनुवटीनंच पाळीच्या टोकाकडे दाखवलं. तिथे कवडूची झोपडी होती. कवडू गोंड, गावची ढोरं चारणारा. "त्याच्या आज्याच्या आज्यानं," देवाजी म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. हीच गोष्ट घनश्यामनं बापाच्या तेराव्याला उलटी करून यादोरावपुढे ठेवली होती. "ज्यानं आपल्याले टोपली देल्ली, त्याचं काय झालं पाह्यलं न? त्याचं रान तलावात बुडालं, आन् तो आपले ढोरं चारून राहिला. उद्या आपन कोनाचे ढोरं चाराचे, दादा?" घनश्याम दुष्ट नव्हता. तो रात्ररात्र तुडुमापाशी, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या तोंडापाशी, बसून भांडणं मिटवत असे. कोरड्या वर्षी शेवटच्या बांध्यांना पाणी पोचत नाही हे त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. भीती खरी होती. कवडूचं जे झालं तेही खरं होतं. एवढं सगळं खरं असताना एक म्हातारा टोपलीची वाट पाहत उन्हात बसून आहे, हेही खरंच होतं. आणि या सगळ्यांतून यादोरावला फक्त एक खिडकी आणि एक माइक मिळाला होता.

"तुमसरमार्गे बपेऱ्याला जाणारी..." तो बोलत होता आणि नजर बाकाकडे जात होती. बाई टोपली मांडीवर पालथी घालून बसली होती आणि तिच्या तळाशी राहिलेली बांबूची कुसळं एकेक करून नखानं काढत होती. उचलून देणाऱ्याच्या हाताला टोचू नये म्हणून काढतात. आई असंच काढायची. यादोरावला तिच्याकडे बघवेना. लाज होती ती, दुसरं काही नाही. बाबूलालची गाडी वळून फलाटाला लागली. दुपारच्या पाळीचा नियंत्रक पान चघळत आत आला आणि म्हणाला, "उठा यादोराव, सुटलात तुम्ही." सुटलो? घरी जावं, सुलोचनेनं केलेलं आंब्याचं पन्हं प्यावं, पंख्याखाली आडवं व्हावं. उद्या बाबूलाल सांगेल काय झालं ते, आणि आपण म्हणू, असं का. त्यानं माइक हातात घेतला, शेवटचा पुकारा आपणच करावा म्हणून. "लाखनी, साकोलीमार्गे अर्जुनीले जानारी गाडी..." दुपारच्या पाळीचा नियंत्रक पान चघळायचा थांबला. बाहेर एकदोघं हसले असतील, नसतील. यादोरावनं वाक्य दुरुस्त केलं नाही. माइक ठेवला, टोपी खिशात घातली आणि गाडीत जाऊन मागच्या बाकावर बसला.

बाई पुढे बसली होती, तिनं वळून पाहिलं नाही. लाखनी गेली, साकोली गेली. दर थांब्यावर त्याला उतरून परत फिरावंसं वाटे, आणि दर थांब्यावर घंटी वाजून जाई. जाऊन काय करणार होतो आपण? घनश्यामपुढे उभं राहून काय बोलणार? आधी टोपलीला हात लावायचा की आधी बापाची घागर भरायची? तो मनात वाक्यं जुळवायचा, ती माइकवरची निघायची, मग परत मोडायचा. नवेगावच्या पुढे पळसांत ऊन उतरायला लागलं होतं. दिवस बुडायच्या आत पोचलं पाहिजे, असं आता त्याला वाटू लागलं, आणि बाबूलाल आज मुद्दाम हळू चालवतो आहे असंही. जांभुळटोल्याच्या फाट्यावर बाई उतरून भराभर पुढे गेली. तो मागून, घाम पुसत, थोडं अंतर ठेवून.

तलावाचं पोट भेगाळलं होतं, फक्त मध्यभागी पाण्याचं एक तळं उरलं होतं. गावाच्या टोपल्या टाकून झाल्या होत्या. पाळीवर ताज्या मातीचे काळे ढीग दिसत होते. लोक मात्र घरी गेले नव्हते. आंब्याखाली, पाळीच्या उतारावर, जो तो दुसऱ्या कशाकडे तरी पाहत उभा होता. खाली निताई मंडल उकिडवा बसला होता. पुढे मातीचा ढिगारा खणून ठेवलेला, त्याच्यावर पाणी शिंपडून शिंपडून तो माती ओली राखत होता. त्या बाईनं, त्याच्या सुनेनं, टोपली ठेवली तशी तो दोन्ही हातांनी भरायला लागला. पलीकडे कवडू काठीवर हनुवटी टेकून ढोरांकडे पाठ करून उभा होता.

यादोरावला पाहून घनश्याम उतारावरून खाली आला. भावाचा चेहरा उन्हानं रापलेला, डोळे तांबारलेले. "निरोप भेटला नाही का, दादा?"

"भेटला."

"मंग काहून आला?"

जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. "हात लावाले," तो म्हणाला.

घनश्याम सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण ओरडून नव्हे, म्हणाला, "तू हात लावशीन? तू गेल्यापासून पाळीवर माती टाकली का कधी? कधी लग्नाले आला, कधी मयतीले. बाबा सांगे, बारा वर्सं ज्याची माती पाळीवर नाही, तो पाहुना. पाहुन्यानं कोनाले गावात घ्याव, सांग बरं." उतारावर कोणीतरी "बराबर हाय" म्हणालं. बरोबरच होतं. देवाजी तसंच सांगत असे. यादोरावला राग यायला हवा होता. त्याऐवजी, इतक्या वर्षांनी आपल्याला कोणीतरी खरं ते सांगितलं, असं काहीतरी त्याला वाटलं.

त्यानं सदरा काढून दगडावर ठेवला. कोणाची तरी रिकामी टोपली आडवी पडली होती, ती उचलली आणि तलावात उतरला. फावडं नव्हतं. ढिगाऱ्यापाशी बसून त्यानं हातांनीच माती भरली. नखांत गार चिखल गेला, बोटं लगेच दुखायला लागली, दम लागला. टोपली भरली तेव्हा तो तिच्यापुढे उभा राहिला, जसं राहायचं असतं तसं. उतारावरून कोणी हललं नाही. घनश्याम हातांची घडी घालून उभा होता. भाऊच तो. पण तोही हलला नाही. तलावाच्या तळाशी, ज्या मातीत त्याचा बाप, आजा वाकले होते, तिथे यादोराव एक ओझं घेऊन उभा होता आणि ते उचलून द्यायला अख्ख्या गावात एक माणूस नव्हता. भंडाऱ्यात कधी वाटलं नव्हतं इतकं परकं त्याला तिथे वाटलं.

शंखाच्या बांगड्या वाजल्या. बाई पदर खोचून पुढ्यात आली होती. "वाका जी जरासे," ती म्हणाली. तो वाकला. तिनं टोपलीला हात घातला, एका दमात छातीशी घेतली आणि त्याच्या डोक्यावर नीट बसवली. माती मानेवरून पाठीत गळली. आता तिनं डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं, खिडकीतला माणूस ओळखावा तसं.

"तुमी तं भंडाऱ्याचे न?"

डोक्यावर ओझं असलं की मान हलवून भागत नाही, तोंडानंच सांगावं लागतं. "नाही," यादोराव म्हणाला. "मी इथचाच. देवाजीचा पोरगा."

"मंग तवा काहून नाही सांगतलं?"

तिनं वाट सोडली. "चाला, दिवस बुडून राहिला."

पाळीचा चढ त्याला आठवत होता त्यापेक्षा उभा होता. दोनदा पाय घसरला, दोनदा वाटलं टोपली जाते आता. माथ्यावर पोचून त्यानं मान तिरपी केली आणि माती आपली आपण पडली. धप्प असा आवाज झाला. घनश्याम बाजूलाच होता. त्यानं मातीकडे पाहिलं, भावाच्या चिखलानं भरलेल्या गळ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "पानी कमी पडलं तं माझ्याजवळ येऊ नोको." आवाजात पहिली धार नव्हती. यादोराव म्हणाला, "येईन. तुडुमापाशी तुझ्यासंगं बसाले येईन." खरंच येऊ की नाही हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. पण म्हणाला.

वरून निताई दिसत होता. टोपली कधीच काठोकाठ भरून झाली होती आणि म्हातारा तिच्यावर दोन्ही हात ठेवून होता. कधीची गाडी आहे हे कोणी सांगत नाही, तरी सामान सोडून हलत नाहीत, अशी माणसं यादोरावनं खिडकीतून रोज पाहिली होती. रिकामी टोपली काखेत मारून तो उतार उतरला. मागे कोणीतरी कुजबुजलं, कोणीतरी थुंकलं, कोणीतरी घरी जायला निघालं. तो टोपलीपाशी टेकला.

"वाका काका," तो म्हणाला आणि काठाखाली हात घातला. टोपली जड होती, एकट्यानं उचलेल असं त्याला वाटेना. त्यानं मान वर केली तेव्हा पलीकडच्या बाजूनं कवडू काठी खाली ठेवून आधीच वाकलेला होता.